शंभर ग्रॅम भात

७ जानेवारी

आजपासून ही वही. सकाळचं वजन ८६ किलो ४०० ग्रॅम. ऑफिसातल्या मोठ्या काट्यावर, अनवाणी, खिसे रिकामे करून.

कारणही लिहून ठेवतो, म्हणजे पुढे पाय घसरायला लागला तर वाचता येईल. काल बाजारात एका किराणा दुकानात पाव किलोचं वजन बुडातून पोखरलेलं सापडलं. अठरा ग्रॅम कमी. मी पंचनामा लिहीत होतो, दहाबारा गिऱ्हाइकं भोवती उभी होती, आणि तो दुकानदार म्हणतो कसा, "साहेब, माझं अठरा ग्रॅम कमी भरलं, कबूल. तुमचं किती जास्त भरतंय ते बघा की एकदा." सगळे हसले. माझा शिपाईसुद्धा हसला. तो वजनांची पेटी उचलतो आणि दोन वर्षांनी निवृत्त होणार आहे, त्यामुळे त्याला माझी भीती उरलेली नाही.

वीस वर्षं मी वजनमाप खात्यात निरीक्षक आहे. मापात पाप करणाऱ्याला मी डोळे मिटून ओळखतो. माझ्याच मापावर कोणी बोट ठेवावं हे मला सहन होणार नाही.

खात्याने बाद केलेला जुना तराजू रीतसर पावती करून घरी आणला. सोबत पन्नास, शंभर आणि दोनशेची लोखंडी वजनं. स्वतः तपासली, स्वतः शिक्का मारला. इलेक्ट्रॉनिक काट्यावर माझा विश्वास नाही. त्याच्या पोटात काय शिजतंय ते दिसत नाही. रोज हजार कॅलरी. वर्तमानपत्राच्या पुरवणीत सोळाशे लिहिल्या होत्या, पण छापील आकड्यात नेहमीच सूट धरलेली असते. लक्ष्य अठ्ठावन्न किलो. कॉलेजच्या ओळखपत्रावर तेवढं होतं.

बायको म्हणाली, "दात कोरून पोट भरत नाही." ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. तिला दातांपलीकडची म्हण सुचत नाही.

२३ जानेवारी

८३.१००. पोटात कावळे ओरडतात. ओरडू देत, दमले की गप्प बसतील.

४ मार्च

७६.८००. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली. ऑफिसात सगळे विचारतात, काय करता, कसं करता. मी सांगतो, मोजतो. बस, मोजतो. लोकांना वाटतं यात काहीतरी गुपित असणार.

रविवारी दुपारी मी वाचत पडलो की ती माझ्या पोटावर डोकं ठेवून झोपते. लग्न झाल्यापासूनची सवय. परवा ठेवलं आणि दोन मिनिटांत उचललं. म्हणाली, "बरगडी टोचते रे." मी म्हटलं, उशी घे. तिने उशी घेतली.

२९ मार्च

लिहावं की नाही अशा विचारात होतो, पण खोटी नोंद करायची नाही आणि नोंद चुकवायची नाही, हा माझा नियम.

काल ती जवळ आली. आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली. दोघांनीही उशिरा केलं, त्यामुळे या बाबतीत आम्ही कधी आळस केला नाही. मूल झालं नाही, त्याचं दुःख वाटून घेतलं, पण ही गोष्ट आमच्यात कधी कमी पडली नव्हती. काल मला काहीच झालं नाही. नको वाटलं असंही नाही. काही वाटलंच नाही. तिचा हात माझ्या पाठीवर फिरत होता आणि मी सकाळच्या कोबीच्या कॅलरी जुळवत होतो. ती म्हणाली, "दमला असशील." मी हो म्हटलं. दमलो नव्हतो.

पूर्वी सकाळी शरीर माझ्या आधी जागं व्हायचं. बऱ्याच दिवसांत तेही झालेलं नाही, हे आज लक्षात आलं. वय चव्वेचाळीस आहे, चौऱ्याऐंशी नव्हे. पण मला काळजी वाटत नाही. एक भूक जिंकली की दुसरी आपोआप शरण येत असेल. हलकं वाटतं, एखाद्या ब्रह्मचाऱ्यासारखं. वजन ७२.३००.

२१ एप्रिल

६८.९००. बाहेर ऊन रणरणतंय आणि मी ऑफिसात स्वेटर घालून बसतो. शिपाई म्हणाला, "साहेब, पंखा बंद करू की शेकोटी पेटवू?" बोटं गार पडतात, शिक्का मारताना हातोडी निसटते. न्हाणीघराच्या जाळीत माझे केस सापडतात. बायकोने दोन दिवस मुकाट्याने काढले, तिसऱ्या दिवशी कागदावर ठेवून दाखवले.

स्वप्नात लोणी लावलेला पाव आला. पावाला कडा होत्या, भाजलेल्या.

थंडी वाजते म्हणून मी वेगळी रजई घेतो. तिची तक्रार नाही. तिने तिच्या बाजूचा दिवाही बदलून घेतला, आता वाचते.

११ मे

दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या लॅबने तिला बोलावलंय. हाताखाली सहा माणसं असतील. एकतीस जुलैपर्यंत कळवायचं आहे. तिने जेवताना सांगितलं आणि विचारलं, "काय करू?"

मी म्हटलं, "फायदे एका पारड्यात टाक, तोटे दुसऱ्या. दांडी कुठे कलते ते दिसेल."

"तुला काय वाटतं ते विचारलं मी."

"मला वाटून काय होणार? काम तुझं आहे."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला काकडी सोलायची होती. बायकांना सरळ उत्तर दिलं तरी आवडत नाही.

२५ मे

तिने हट्टाने डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आधी कौतुक केलं: साखर उत्तम, रक्तदाब उत्तम. मग खुर्ची पुढे ओढली, आवाज खाली आणला आणि विचारलं, "इच्छा होते का?"

"होते की," मी म्हटलं. "दिवसातून दहा वेळा. दुपारी चारच्या सुमाराला तर फारच. पण मी मारतो."

"का मारता?"

"मारायलाच हवी. एकदा ढील दिली की संपलं."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा लालेलाल झाला होता. "साधारण कुठे असताना होते?" त्यांनी जपून विचारलं.

"कुठेही. ऑफिसात होते, रस्त्यात होते. बेकरीसमोरून जाताना तर पाय निघत नाही."

डॉक्टर पोट धरून हसले. मला काही कळेना. शेवटी त्यांनी स्पष्ट शब्दांत विचारलं तेव्हा मी स्पष्ट सांगितलं: तसली इच्छा तीन महिन्यांत एकदाही नाही, आणि तिच्यावाचून माझं काही अडत नाही. रक्त तपासायला दिलं.

जिन्यात बायको म्हणाली, "दहा वेळा म्हणालास तेव्हा मला वाटलं, कोणी बाई आहे."

"काहीतरीच काय!"

"बाई असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. पावाशी काय भांडू?"

मला हसू आलं. ती हसत नव्हती.

५ जून

रिपोर्ट आला. टेस्टोस्टेरॉन असायला हवं त्याच्या एक तृतीयांश. डॉक्टर म्हणाले, "शरीराला वाटतंय दुष्काळ पडलाय. दुष्काळात कोणी लग्न काढत नाही. चरबी केव्हाच उतरली तुमची, आता शरीर घरातलं लाकूड जाळतंय. रोज निदान चारशे कॅलरी वाढवा. दीड-दोन महिन्यांत फरक दिसेल. औषध लागणार नाही."

त्यांचं स्वतःचं पोट टेबलाला टेकलेलं असतं. असा माणूस दुसरं काय सांगणार? मी अठ्ठावन्नच्या इतक्या जवळ आलोय, ६३.५००, आणि आता माघार घेऊ? बायको तिथेच रडली, डॉक्टरांसमोर. म्हणाली, "अरे, चारशे फक्त. चारशे म्हणजे काय रे असं?" मी म्हटलं, चारशे म्हणजे चारशे.

घरी आल्यावर मात्र तिने डोळे पुसून नीट विचारलं, चारशे कॅलरी म्हणजे किती भात, किती डाळ, किती पाव. मी ग्रॅममध्ये सांगितलं. सगळ्याचंच माप साधारण चाळीस टक्के वाढवावं लागेल, असं हिशोब करून दाखवलं. तिने ते कवळीच्या ऑर्डरच्या चिठ्ठीमागे लिहून घेतलं. माझ्या कामात तिने रस दाखवावा असं पहिल्यांदाच घडलं. बरं वाटलं.

१२ जून

आज ती तराजूपाशी आली आणि शंभराचं वजन उलटं करून म्हणाली, "हे खाली काय असतं?"

मी समजावून सांगितलं. लोखंडी वजनाच्या बुडाशी खळगा ठेवतात. लोखंड कधी बरोब्बर शंभर भरत नाही, म्हणून खळग्यात शिसं ओतून तूट भरून काढतात आणि त्या शिशावरच खात्याचा शिक्का बसतो. शिक्का दिसला की पुन्हा तपासायची गरज नाही.

"आणि खळगा अर्धा रिकामाच राहिलाय तो?"

"रिकामा राहू दे. शंभर भरले ना."

"चोर काय करतात?"

"पोखरतात. शिसं काढून वजन हलकं करतात. गिऱ्हाइकाला कमी जातं."

"जास्त कोणी देत नाही?"

मी खूप हसलो. वीस वर्षांत जास्त देणारा चोर मी पाहिलेला नाही.

२० जून

६२.१००. ती तीनही वजनं लॅबमध्ये घेऊन गेली होती, गंज काढून आणते म्हणून. दातांना लावतात त्या यंत्रावर घासून आणली. काळीभोर, चकचकीत. लोकांच्या कवळ्या ती अशीच घासते, जिभेला कडा लागता कामा नये म्हणते. मी म्हटलं, उगाच त्रास घेतलास. म्हणाली, "तुझ्या देवाची पूजा केली."

वजनं हाताला जड लागतात. मनगटं बारीक झालीत, त्याचा परिणाम असणार.

१ जुलै

६१.८००. काटा दहा दिवस जवळजवळ जागचा हललेला नाही. पुरवणीत लिहिलंय, असा टप्पा येतो, धीर सोडू नये.

एक चांगली गोष्ट म्हणजे भूक लागत नाही. शंभर ग्रॅम भात पूर्वी तीन घासांत संपायचा, आता बशी भरल्यासारखी दिसते. मी विचारलं, तांदूळ बदललास का? म्हणाली, "हो. हा फुलतो." पोट आकसलं असणार. शरीराला अखेर शिस्त लागली. डॉक्टरला हे दाखवलं पाहिजे.

१४ जुलै

६२.३००. पाचशे ग्रॅम वाढ! माझं काही चुकत असेल म्हणून दोन दिवसांच्या नोंदी पुन्हा तपासल्या. चूक नाही.

स्वेटर घालायचं विसरलो, ते संध्याकाळी लक्षात आलं. शिपाई म्हणाला, "साहेब, शीळ घालत होता तुम्ही मघाशी." मी घालत नव्हतो. मग आठवलं, घालत होतो.

१९ जुलै

सकाळी जाग आली आणि शरीर माझ्या आधी जागं होतं.

मी तसाच पडून राहिलो. विश्वास बसत नव्हता. तिने कूस बदलली, तिच्या मानेमागे पॉलिशच्या पावडरीचा वास येतो, तो आला. तो वास मला माहीत होता, पण कितीतरी महिन्यांत मी तो घेतला नव्हता. मी तिची रजई ओढली. ती जागीच होती.

ऑफिसला पाऊण तास उशीर झाला. वीस वर्षांत पहिल्यांदा. ती माझ्या खांद्यावर तोंड लपवून रडली आणि मग हसली, आणि मग म्हणाली, "आलास?" मी म्हटलं, कुठे गेलो होतो?

मला फार सुख झालं. हे लिहून ठेवतो, कारण ते खरं आहे. डॉक्टरचं एक अक्षर न ऐकता, एक कॅलरी न वाढवता मी हे मिळवलं. संयमाची फळं उशिरा येतात, पण येतात.

२७ जुलै

तिने त्या लॅबला नकार कळवला. मी विचारलं, पारड्यात काय काय टाकलंस? म्हणाली, "तुला टाकलं एका बाजूला. दुसरीकडचं सगळं पासंगालाही पुरेना."

रविवारी पुन्हा पोटावर डोकं ठेवून झोपली. टोचत नाही म्हणाली. या आठवड्यात तीनदा. आम्ही दोघं आठ वर्षांपूर्वीसारखे वागतोय. शेजारच्या काकू जिन्यात माझ्याकडे बघून गालात हसल्या, भिंती पातळ आहेत.

४ ऑगस्ट

६३.४००.

हे असं होऊच शकत नाही. हजार कॅलरी आत जातात, त्याहून जास्त जळतात, तरी माणूस जड होतो? मोठा काटा प्रमाण वजनांनी तपासला. बरोबर आहे. वहीतल्या नोंदी तपासल्या. बरोबर आहेत. तेल मी स्वतः घालतो, चमच्याने. मग जास्तीचं येतंय कुठून? तिला म्हटलं तर म्हणाली, "अंगाला लागतंय, लागू दे ना. कोणाला नकोय?" मला नकोय. मला कारण हवंय.

९ ऑगस्ट

आज जे घडलं ते क्रमाने लिहितो.

सकाळी एका भंगारवाल्याकडे छापा टाकला. त्याची वजनं मी हातात घेतली आणि खाली ठेवली, पोखरलेली नव्हती. निघालो. शिपाई म्हणाला, "साहेब, हा विकणारा नाही, विकत घेणारा आहे. देणारा हलकं ठेवतो, घेणारा जड." प्रमाण वजनाला लावून पाहिलं. किलोचं वजन सव्वा किलो. बुडाचा खळगा शिशाने काठोकाठ भरलेला. मी हा प्रकार नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकलो होतो आणि शिपायाने आठवण करून द्यावी लागली. लाज वाटली.

पंचनामा लिहिता लिहिता माझा हात थांबला. वजनं जड लागतात, असं मी कुठेतरी लिहिलं होतं.

घरी आलो, बूटही न काढता शंभराचं वजन उलटं केलं. माझा शिक्का नव्हता. शिक्का असायला हवा तिथे गुळगुळीत शिसं, काठाशी अगदी सपाट, कुठे खरखर नाही, जिभेला कडा लागणार नाही असं. इतकी सफाई मी एकाच माणसाच्या हातात पाहिली आहे. ऑफिसातून आणलेल्या वजनाला लावलं. शंभराचं एकशे चाळीस. पन्नासचं सत्तर. दोनशेचं दोनशे ऐंशी. माझाच हिशोब, चाळीस टक्के.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सात आठवडे मी माझ्याच शिक्क्याच्या भरवशावर जेवलो.

ती सहाला आली. वजनं टेबलावर उलटी मांडलेली पाहिली आणि पर्स हळूच खाली ठेवली. मी बॅगेतून पंचनाम्याचा फॉर्म काढला. इथे मी जरा जास्त केलं असं कोणी म्हणेल. पण मला दुसरी कुठलीही भाषा आठवत नव्हती.

"पंच कोण?" तिने विचारलं.

"आपण दोघंच."

फॉर्मवर छापलेलं असतं: 'सदर इसमाने सदोष वजनाचा वापर करून ग्राहकास ..... ग्रॅम कमी दिले.' चाळीस लिहिलं आणि अडलो. हजारदा हा फॉर्म भरला असेन, पण हा शब्द कधी आडवा आला नव्हता. 'कमी' खोडलं. वर 'जास्त' लिहिलं. खाडाखोड केली की शेजारी सही लागते म्हणून सही केली.

"आरोपीचं म्हणणं," मी म्हटलं.

"लिहा, साहेब." ती मला घरात कधीच साहेब म्हणत नाही, अहोजाहो करत नाही. "लिहा. नवरा उपाशी होता. मी वाढलं."

लिहिलं.

"आणि मीही उपाशी होते. तेही लिहा."

हे दुसरं वाक्य प्रकरणाशी संबंधित नसल्याने लिहिलं नाही.

मग मात्र मी ओरडलो. म्हटलं, तू मला फसवलंस. चोरासारखं, माझ्याच तराजूवर. ती म्हणाली, "हो, फसवलं. डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, रडून पाहिलं. तू फक्त काट्याचं ऐकतोस, म्हणून काट्याकडून सांगितलं. आणि आलास की नाही परत? तुझं तूच सांग, त्या दिवशी सकाळी कोण होतं माझ्याजवळ?"

हेच तर. तेच मला सहन होत नाही. कॅलऱ्यांचं मी काही धरून बसलो नसतो. पण ती सकाळ, तो उशीर, ते सुख मी मिळवलंय असं मी या वहीत लिहून ठेवलंय. ते माझं नव्हतं. ते तिने ओतलेल्या शिशाचं होतं. मला तिने कवळीसारखं घासून बसवलं आणि मी शीळ घालत हिंडत होतो.

"उद्यापासून खरी वजनं," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

"विचार करून सांग. एकदाच विचारतेय."

"यात विचार कसला? खोटं वजन घरात राहणार नाही."

तिने फॉर्म स्वतःकडे ओढला, आरोपीच्या जागी सही केली आणि पेनाचं टोपण लावून माझ्या खिशात परत अडकवलं. "आपलेच दात, आपलेच ओठ," म्हणाली. "तक्रार तरी कोणाकडे करणार?" मला वाटलं, प्रकरण मिटलं.

११ ऑगस्ट

तिने त्या लॅबला फोन केला. जागा अजून भरलेली नाही.

मला वाटतं तिला कामात प्रगती हवी आहे, आणि ती स्वाभाविक आहे. तसं मी तिला म्हटलंही. ती म्हणाली, "हो, तसंच असेल."

१८ ऑगस्ट

ती गेली. दोन बॅगा आणि तिच्या हत्यारांची पेटी. मी पेटी टॅक्सीपर्यंत उचलली. दोनदा खाली ठेवावी लागली. शेजारच्या काकू गॅलरीत उभ्या होत्या, हसल्या नाहीत. टॅक्सीत बसताना ती म्हणाली, "फ्रिजमध्ये भात आहे. मोजलेला नाही."

मोजला. तीनशे दहा होता. शंभर घेतला, बाकीचा टाकून दिला.

६ सप्टेंबर

६०.७००. खऱ्या वजनांनी काटा लगेच हलला. म्हणजे माझी पद्धत पहिल्यापासून बरोबरच होती.

स्वेटर काढून ठेवलं होतं, पुन्हा घातलं. सकाळी शरीराला मी उठवतो, घड्याळाच्या गजराने. पलंगाच्या तिच्या बाजूला आता वह्या ठेवतो.

२२ सप्टेंबर

५९.२००. शिपायाच्या हातून वजनांची पेटी पडली, मी त्याच्यावर नको इतका ओरडलो. त्याने पेटी उचलली, झटकली आणि म्हणाला, "साहेब, वहिनींना घेऊन या." मी म्हटलं, तिची बदली झालीय. म्हणाला, "बदली सरकारी नोकराची होते, साहेब."

संध्याकाळी तिची वजनं बाहेर काढली. छिन्नी लावून शिसं खरवडलं. शिसं मऊ असतं, सहज निघतं, पण हिने असं बसवलं होतं की तास गेला. खाली माझा शिक्का सापडला, जसाच्या तसा. तिने त्याला धक्का लावलेला नव्हता, वरून फक्त झाकला होता. तीन तुकडे निघाले, वीस, चाळीस, ऐंशी. कागदाची पुडी करून कपाटात ठेवली. नियमाप्रमाणे असा माल नष्ट करायचा असतो.

८ ऑक्टोबर

५८.०००. बरोब्बर. काट्यावर दोनदा चढलो, उतरलो, पुन्हा चढलो.

शिपायाला सांगितलं. तो "बरं" म्हणाला. ज्याच्यामुळे हे सुरू झालं त्या किराणा दुकानात मुद्दाम गेलो. दुकानदाराने मला ओळखलंच नाही. साहेब आजारी होते का, असं शिपायाला हळूच विचारत होता.

दुपारी तिला फोन केला. पाठीमागे पॉलिशचं यंत्र घरघरत होतं.

"अठ्ठावन्न झालं," मी म्हटलं.

"बरं."

मला सांगायचं होतं की घर गार पडतं, तिच्या मानेचा वास मला आठवत नाही, आठवायला बसलो तरी येत नाही, आणि त्याची मला भीती वाटते. हे सगळं मी आत्ता लिहितोय. तेव्हा म्हणालो, "तुझं शिसं खरवडून ठेवलंय. एकशे चाळीस ग्रॅम आहे. पाठवून देऊ?"

"राहू दे तिथेच. तुला लागेल." मग यंत्र बंद झालं. "जेवलास का?"

"हो. शंभर ग्रॅम भात."

यंत्र पुन्हा सुरू झालं आणि ती म्हणाली, कवळी लावलीय, ठेवते.

१२ ऑक्टोबर, रविवार

ती येणार नाही. तसं ती म्हणाली नाही, पण ती एकदाच विचारते.

दुपारी एकला तराजू पुसला. शंभराचं वजन ठेवलं, खरं, माझ्या शिक्क्याचं. मग कपाटातून पुडी काढली आणि चाळीसचा तुकडा त्याच्या शेजारी ठेवला. दांडी कलली. दुसऱ्या पारड्यात भात घालत गेलो, ती सरळ होईपर्यंत. पाटावर बसून सगळा खाल्ला. बशीला लागलेली शितंही बोटाने गोळा केली. खाताना रडू आलं, तरी खात राहिलो.

आता नोंद. खोटी नोंद करायची नाही हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळत आलोय.

भात: शंभर ग्रॅम.